परमुलुखातला दवाखाना

या वर्षी ऑगस्टमध्ये आपल्या महाविद्यालयात 'परदेशातील रोजगाराच्या संधी' या विषयावर एक व्याख्यान झाले. सभागृह भरलेले होते. उशिरा आलेली मुले खिडक्यांत बसली होती. पासपोर्ट कसा काढावा, व्हिसाचे प्रकार किती, खरा एजंट कोणता आणि खोटा कोणता, हे पाहुण्यांनी फार चांगल्या रीतीने समजावून सांगितले. शेवटी "काही प्रश्न असतील तर विचारा" असे ते म्हणाले, तेव्हा मी उभी राहिले. मी विचारले, "तिकडे डॉक्टरच्या हातून चूक झाली, तर आपल्या माणसाने काय करायचे?" मागच्या बाकांवरून हशा उसळला. पाहुणेही हसले. "जायच्या आधीच दवाखान्याचा विचार कशाला, ताई?" असे म्हणून त्यांनी टाळ्या घेतल्या, आणि मी खाली बसले.

त्या टाळ्यांचा मला राग नाही. तरुण मुले आजाराचा विचार करीत नाहीत, हे स्वाभाविकच आहे. पण तो प्रश्न मी गंमत म्हणून विचारला नव्हता. त्याचे उत्तर मला गेली दोन वर्षे शोधावे लागले आहे. जेवढे सापडले तेवढे येथे मांडते. मी कायद्याची विद्यार्थिनी नाही. बी. ए. च्या दुसऱ्या वर्षात शिकते, आणि आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढलेली मी पहिलीच आहे. तेव्हा प्राध्यापकांनी चुका पोटात घालाव्यात.

माझे धाकटे चुलते, ज्यांना आम्ही आबा म्हणतो, ते दुबईत फरशी बसवण्याच्या कामावर होते. आबा नववी नापास. दहावी न झालेला माणूस आखाती देशांत कामाला निघाला की त्याच्या पासपोर्टावर 'एमिग्रेशन चेक रिक्वायर्ड' असा शेरा असतो, म्हणजे सरकारची परवानगी घेतल्यावाचून त्याला जाता येत नाही. अशा माणसाची फसवणूक होऊ नये म्हणून ही तरतूद आहे. २०२३ मध्ये फरशी कापताना यंत्र निसटले आणि आबांच्या डाव्या तळहातावर खोल जखम झाली. मुकादमाने त्यांना जवळच्या एका खाजगी दवाखान्यात नेले. तेथील डॉक्टर हिंदीत बोलणारे निघाले, म्हणून आबांना फार बरे वाटले. आपला माणूस भेटला! जखम धुतली, सात टाके घातले, गोळ्या दिल्या. करंगळी आणि तिच्या शेजारचे बोट वळत नाही, असे आबांनी टाके काढायला गेल्यावर सांगितले, तेव्हा "सूज आहे, उतरली की वळेल" असे उत्तर मिळाले.

सूज उतरली. बोटे वळली नाहीत. दोन महिने हलकी कामे देऊन पाहिल्यावर कंपनीने हिशेब केला आणि आबा घरी आले. आम्ही चंदगड तालुक्यातले. बाजार असो की दवाखाना, आम्हाला बेळगावच जवळ. बेळगावच्या डॉक्टरांनी हात पाहिला आणि दोन मिनिटांत सांगितले की बोट ओढणारी दोरी, जिला ते टेंडन म्हणतात, ती दोन्ही बोटांची आतून तुटली आहे. वरची कातडी शिवली, आतली दोरी तशीच राहिली. पहिल्या आठवड्या-दोन आठवड्यांत लक्षात आले असते तर जोडता आली असती. आता दोन टप्प्यांत शस्त्रक्रिया करावी लागेल आणि तरीही पूर्ण हात येईल याची खात्री नाही. मग त्यांनी विचारले, "तिकडचे कागद आणलेत?"

आबांनी एक प्लास्टिकची पिशवी पुढे केली. घरात इंग्रजी वाचणारी मी एकटी, त्या वेळी अकरावीत होते. पिशवीत औषधाची चिठ्ठी होती, बिल होते आणि कंपनीच्या रजेचा अर्ज होता. जखम किती खोल होती, काय तपासले, काय केले, याविषयी एक ओळसुद्धा नव्हती. "मागितले नाहीत का?" मी विचारले. आबा म्हणाले, "आपण गडीमाणसं, पोरी. डॉक्टरकडं कागद कोण मागतंय?"

येथे एक गोष्ट आधीच सांगितली पाहिजे, नाहीतर डॉक्टरांवर अन्याय होईल. उपचार करूनही रोगी बरा झाला नाही, म्हणजे डॉक्टर चुकला असे नव्हे. त्याच परिस्थितीत साधारण कुशल डॉक्टरने जी काळजी घेतली असती ती घेतली गेली नाही, आणि त्यामुळेच नुकसान झाले, या दोन्ही गोष्टी दाखवाव्या लागतात. हे जगात बहुतेक ठिकाणी असेच आहे. आणि हे दाखवायचे कशाच्या जोरावर? रोग्याच्या आठवणीला कोणी पुरावा मानीत नाही. कागद लागतो.

दुसरी गोष्ट अशी की, जेथे उपचार झाले तेथेच दाद मागावी लागते. आपण कोणत्या देशाचे नागरिक आहोत याने फारसा फरक पडत नाही. उलट्या दिशेचे एक उदाहरण सर्वांना माहीत आहे. अनुराधा साहा या अमेरिकेत राहणाऱ्या बाई १९९८ मध्ये सुट्टीसाठी कोलकात्याला आल्या. अंगावर पुरळ उठले, त्यावर स्टेरॉइडच्या औषधाचे भलतेच मोठे डोस दिले गेले, आणि २८ मे १९९८ रोजी मुंबईत त्यांचा मृत्यू झाला. त्यांचे पती कुणाल साहा अमेरिकेत राहत असूनही त्यांना भारतातल्याच न्यायालयांत लढावे लागले. २०१३ च्या ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने जवळजवळ सहा कोटी रुपये आणि त्यावर व्याज अशी भरपाई ठरवली. पंधरा वर्षे लागली. फिर्यादी स्वतः डॉक्टर होते हेही विसरता येत नाही. औषधाचा डोस वाचून तो चुकला हे ज्याला स्वतःला कळते, त्याची लढाई निराळी आणि आबांची निराळी.

पण मला ज्या प्रकरणाने खरे शिकवले ते बेळगावच्याच मुलीचे आहे. सविता हलप्पनवार. त्यांचे माहेर बेळगावचे, घरची भाषा कन्नड. शिक्षणाने त्या दंतवैद्य होत्या आणि लग्नानंतर आयर्लंडमधल्या गॉलवे शहरात राहत होत्या. वय एकतीस. २१ ऑक्टोबर २०१२ रोजी, सतरा आठवड्यांच्या गरोदर असताना पाठीत दुखते म्हणून त्या तिथल्या विद्यापीठ रुग्णालयात गेल्या. गर्भ टिकणार नाही हे लवकरच स्पष्ट झाले. तेव्हा त्यांनी गर्भपात करून सोडवा अशी विनंती केली. गर्भाचे ठोके चालू आहेत तोवर या देशाच्या कायद्यात ते बसत नाही, असे त्यांना सांगण्यात आले. दिवस गेले, रक्तात विष पसरले, आणि २८ ऑक्टोबरला त्या वारल्या.

ही बातमी वाचून तेव्हा पुष्कळ लोकांनी कायद्यावर लिहिले, आणि ते योग्यच होते. मी मात्र ते सगळे अहवाल दुसऱ्या डोळ्यांनी वाचले. पतीने काय केले, कोणत्या क्रमाने केले, हे मी पाहत होते. प्रवीण हलप्पनवार इंजिनिअर होते, परक्या देशात नोकरी करीत होते. पत्नीचा अंत्यविधी बेळगावला झाला. आपल्यापैकी बहुतेकांनी येथेच कपाळाला हात लावून 'देवाची मर्जी' म्हटले असते. त्यांनी वकील गाठला आणि रुग्णालयाचे कागद मिळवले. कागद चाळताना असे दिसले की, सविताने वारंवार केलेल्या विनंतीची नोंद त्यात नाही. ही गोष्ट त्यांनी उघडपणे सांगितली. आरोग्य खात्याने चौकशी समिती नेमली. तिच्यात त्याच रुग्णालयातले तीन डॉक्टर होते. प्रवीण यांनी हरकत घेतली आणि ते तिघे समितीतून बाहेर पडले. शोकात बुडालेल्या एका परदेशी माणसाने हे करून घेतले!

मग एप्रिल २०१३ मध्ये गॉलवेत मृत्युचौकशी झाली. आपल्याकडे पोलीस पंचनामा करतात. तिकडे कॉरोनर नावाचा अधिकारी उघड्यावर, जूरीसमोर साक्षी घेतो. दोष कोणाचा हे तो ठरवीत नाही, मृत्यू कसा झाला एवढेच शोधतो. पण शपथेवर प्रश्न विचारले जातात, यातच त्याचे महत्त्व आहे. कागदात जी विनंती नव्हती ती साक्षीत बाहेर आली. सविताने विचारले होते हे डॉक्टरांनी मान्य केले. हा कॅथलिक देश आहे असे आपण बोललो होतो, हे एका सुईणीने कबूल केले. पहिल्याच दिवशी घेतलेल्या रक्ताच्या तपासणीत पांढऱ्या पेशी वाढलेल्या दिसत होत्या आणि त्याकडे वेळेवर कोणी पाहिले नव्हते, हेही उजेडात आले. जूरीने एकमताने 'वैद्यकीय दुर्घटना' असा निष्कर्ष दिला. जूनमध्ये चौकशी समितीचा अहवाल आला. तिचे अध्यक्ष प्रा. अरुळकुमारन हे मूळचे श्रीलंकेचे. ऑक्टोबरमध्ये आरोग्यसेवेच्या दर्जावर देखरेख ठेवणाऱ्या तिथल्या सरकारी संस्थेने स्वतंत्र अहवाल काढून, सविताला वाचवण्याच्या तेरा संधी हुकल्या असे लिहिले. पतीने केलेला भरपाईचा दावा २०१६ मध्ये तडजोडीने मिटला. आणि २५ मे २०१८ रोजी त्या देशाने सार्वमत घेऊन आपली राज्यघटनाच बदलली. ६६.४ टक्के लोकांनी बदलाच्या बाजूने मत दिले.

एका रोग्यापुढे परक्या मुलखात किती दारे असतात ते या एका प्रकरणातून दिसते. रुग्णालयाचे कागद, खात्याची चौकशी, देखरेख करणारी संस्था, मृत्युचौकशी, दिवाणी दावा, वर्तमानपत्र. एक बंद झाले तर दुसरे ठोठावता येते. आपल्या परराष्ट्र खात्यानेही तेव्हा आयर्लंडच्या राजदूतांना बोलावून घेतले होते. मात्र ते घडले ते बातमी जगभर गाजल्यावर. गाजली नसती तर? हा प्रश्न मला सुटत नाही.

आता आबांकडे येते. आबांना मित्रमंडळी होती ती बारा जणांच्या खोलीतली. वकील नाही, इंग्रजी नाही, अरबी तर नाहीच. मालकाची नाराजी म्हणजे व्हिसा रद्द. अशा माणसासाठी दारे आहेत का? शोधल्यावर कळले की आहेत. संयुक्त अरब अमिरातीत २०१६ चा वैद्यकीय उत्तरदायित्वाचा कायदा आहे. दुबईत तक्रार दुबई आरोग्य प्राधिकरणाकडे करायची असते. तेथून ती तज्ज्ञ डॉक्टरांच्या समितीपुढे जाते, आणि चूक झाली का, किती गंभीर, नुकसान त्यामुळेच झाले का, यावर समिती अहवाल देते. तो पटला नाही तर तीस दिवसांत वरच्या समितीकडे जाता येते. समितीपुढे गेल्याशिवाय न्यायालय भरपाईचा दावा घेतच नाही. सगळ्यांत महत्त्वाचे हे की, विमा काढल्याशिवाय डॉक्टरला तेथे काम करता येत नाही. म्हणजे भरपाई द्यायची वेळ आली तर पैसा कोठून येणार, याची सोय कायद्यानेच केलेली आहे. हे वाचले तेव्हा मी ग्रंथालयात एकटीच बसले होते. पहिल्यांदा आनंद झाला आणि मग फार वाईट वाटले. आबा तेथे असताना हे सारे बसच्या अंतरावर होते.

भारत सरकारच्या बाजूने 'मदद' नावाची तक्रार-व्यवस्था २०१५ पासून आहे. दूतावासांकडे भारतीय समुदाय कल्याण निधी २००९ पासून आहे, त्यातून अडलेल्या माणसाला औषधोपचाराची आणि कायद्याची मदत होऊ शकते. आखातात जाणाऱ्या कामगारांना प्रवासी भारतीय बीमा योजनेचा विमा सक्तीचा आहे. पण त्यातली मोठी रक्कम अपघाती मृत्यू आणि कायमच्या अपंगत्वासाठी आहे, डॉक्टरच्या चुकीचा निवाडा तो विमा करीत नाही. जाण्यापूर्वी कामगारांसाठी एक दिवसाचे प्रशिक्षणही असते. माझे मत असे आहे की, त्या एका दिवसातला अर्धा तास तरी दवाखान्याच्या कागदाला दिला पाहिजे. पासपोर्टावर शेरा मारून सरकारने ज्याला अडाणी ठरवले, त्याला शहाणे करण्याची जबाबदारीही सरकारवर येते.

मी आबांच्या नावाने त्या दवाखान्याला ई-मेल लिहिला. इंग्रजीचा शब्दकोश उघडून, तीन रात्री घालवून लिहिला. उत्तर आले की, तिथले ओळखपत्र दाखवावे किंवा अधिकृत प्रतिनिधी पाठवावा. ओळखपत्र व्हिसा रद्द होताना जमा झालेले. प्रतिनिधी म्हणजे मुखत्यारपत्र आले, आणि त्यावर येथल्या नोटरीपासून परराष्ट्र खाते आणि त्यांचा दूतावास इथपर्यंत शिक्के. एकेका शिक्क्यासाठी बसभाडे, मजुरीचा खाडा. शेजारच्या गावातले एकजण शारजात आहेत, त्यांनी कागद आणण्याचे कबूल केले आणि त्यांची साइट बदलली. मग पुन्हा वाट पाहणे. चौदा महिन्यांनी दोन पाने आली.

ती पाने मी आबांना वाचून दाखवली. जखमेची लांबी होती, टाक्यांची संख्या होती. आणि पुढे एक ओळ होती: बोटांची हालचाल नॉर्मल. आबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "हलवून दाखवा असं कुणी म्हटलंच नव्हतं."

तेव्हापासून माझे मत थोडे बदलले आहे. कागद मिळाला की काम झाले, असे मला वाटत होते. पण कागद त्यांचा असतो. त्यात काय लिहायचे ते त्यांच्या हातात. सविताच्या कागदातही तिची विनंती नव्हतीच. फरक एवढाच की तिचा पती तेथेच होता, त्याने महिन्याभरात ती उणीव दाखवून दिली आणि साक्षीदार शपथेवर बोलायला लागेपर्यंत तिचा पाठपुरावा केला. म्हणून कागद मागायचा तो त्याच दिवशी. तो त्याच दिवशी कोणाकडून तरी वाचून घ्यायचा, आणि चुकीचे लिहिले असेल तर तसे आपणही लिहून, तारीख घालून त्यांच्याकडे द्यायचे. विमानात बसण्यापूर्वी. उशिराला कायदा माफी देत नाही. आयर्लंडमध्ये दाव्याला मुदत दोन वर्षांची आहे, ब्रिटनमध्ये तीन, आपल्याकडे ग्राहक आयोगाकडे जायचे तर दोन.

कोणी म्हणेल, ही सगळी परदेशाची कथा, आपल्याकडे तरी कागद मिळतो का? नियमाने मिळतो. रोग्याने मागितल्यापासून ७२ तासांत नोंदी द्याव्यात असा नियम २००२ पासून आहे, आणि डॉक्टरांची सेवा ग्राहक कायद्याखाली येते हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच सांगितले आहे. पण आम्ही काय करतो? रोगी दगावला की काचा फोडतो. धुळ्याला मार्च २०१७ मध्ये एका निवासी डॉक्टरला नातेवाइकांनी मारले, त्याच्या डोळ्याला गंभीर इजा झाली. असल्या मारहाणीविरुद्ध २०१० पासून राज्यात कायदा आहे, तरी ती थांबलेली नाही. आणि मला गंमत वाटते ती अशी की, येथे दगड उचलणारा तोच माणूस तिकडे गेला की मान खाली घालून "जी साहब" म्हणतो. दगडही नाही आणि तोंडातून शब्दही नाही. येथे कागद मागण्याची सवय लागली असती तर तिकडे अंगात आली असती, असे मला वाटते. आबा बेळगावात तरी कधी कागद मागत होते?

माझ्या एका वर्गमैत्रिणीचे म्हणणे याउलट आहे. ती म्हणते, जो गरीब आहे, ज्याचा व्हिसा मालकाच्या हातात आहे, त्याला "कागद माग" म्हणणे म्हणजे दोष पुन्हा त्याच्याच माथी मारणे. यात तथ्य आहे. दोष आबांचा नाहीच. ज्याने बोटे वळवून पाहिली नाहीत आणि पाहिली असे लिहिले, त्याचा तो आहे. पण दोष कोणाचा हे समितीपुढे सांगायचे तर आज तरी दुसरा मार्ग मला दिसत नाही.

आमची तक्रार आता गेली आहे. बेळगावच्या डॉक्टरांनी आपले मत लिहून दिले, त्याबद्दल त्यांनी पैसे घेतले नाहीत. उत्तर अजून आलेले नाही. आबा गावातच गवंड्याच्या हाताखाली जातात, पाटी उजव्या हाताने धरतात आणि डाव्याचा नुसता टेकू देतात.

दिवाळीनंतर आमच्या भावकीतला एकजण मस्कतला निघाला आहे. परवा तो घरी आला आणि म्हणाला, "ते काय म्हणतीस ते इंग्रजीत लिहून दे की." मी त्याच्या वहीच्या शेवटच्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहून दिले, आणि खाली अर्थही लिहिला: 'माझ्यावर आज केलेल्या उपचारांच्या सर्व नोंदी, क्ष-किरण फोटो आणि तपासण्यांची प्रत मला आजच मिळावी.' त्याने ते दोनदा वाचले. आबा ओसरीवर बसले होते. ते म्हणाले, "त्याला म्हणावं, बोटं हलवून बघायला सांग, हेबी लिव्ह." तेही लिहिले.